दिपोटी येऊन गेले

जिल्हा परिषदेच्या एखाद्या जुन्या शाळेत कपाट उघडले की हजेरीपटांच्या गठ्ठ्याखाली हमखास एक जाड वही सापडते. शेरेबुक. साहेब येतात, चहा घेतात, दोन पोरांना उभे करून वाचायला लावतात, तिसऱ्याला सतराचा पाढा विचारतात आणि निघताना चार ओळी लिहून सही ठोकतात: उपस्थिती कमी, वाचन बरे, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. इंग्रजी अमदानीत या साहेबाच्या हुद्द्याचे नाव डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर असे लांबलचक होते. मराठी मुलखाने ते तीन अक्षरांत बसवले, दिपोटी. दिपोटी येणार म्हटले की पंतोजी आदल्या दिवशी शाळा सारवून घेत, हुशार पोरे पुढे बसवत आणि कच्च्यांना उद्या घरीच राहा म्हणून सांगत.

पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. मुखवटे चढवून देव-दैत्यांची सोंगे रात्रभर नाचतात, आणि उजाडल्यावर मुखवटा उतरला की आत गावातलाच ओळखीचा माणूस निघतो. शाळेने साहेबासाठी घेतलेले सोंग इतके निरागस नसते. त्याच्यावर कोणाचा तरी पगार, कोणाची तरी बदली टांगलेली असते.

मास्तर कामाचा आहे की नाही, हे घाट चढून आलेल्या परक्या माणसाने एका दिवसात कसे ओळखायचे? जव्हार-मोखाड्याच्या मागे हा प्रश्न दीडशे वर्षे लागला आहे. ‘निकाल बघा आणि त्यावर पैसे द्या’ हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर. ते आपल्याकडे दोनदा आले, एकदा लंडनहून आणि एकदा मंत्रालयातून.

लंडनची गोष्ट १८६२ची. तिथल्या शिक्षणखात्याचा कारभार रॉबर्ट लो यांच्याकडे होता. त्यांनी प्राथमिक शाळांच्या अनुदानाचा असा हिशेब मांडला: मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १२ शिलिंग, त्यांतले ४ हजेरीचे आणि ८ परीक्षेचे. वाचन, लेखन, गणित यांपैकी एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. शिक्षण महाग राहिले तर ते चांगले तरी असेल, आणि चांगले नसले तर स्वस्त तरी पडेल, असे लोसाहेबांनी पार्लमेंटला पटवले. वाण्याच्या दुकानात शोभावा असा हा तर्क. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी तेव्हा शाळातपासनीस होता. रोज शाळा पाहणारा माणूस तो. त्याने पहिल्यापासून विरोध केला, तरीही ही पद्धत तीसेक वर्षे चालली. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यानेही ती उचलली आणि खासगी शाळांचे अनुदान निकालाला बांधून टाकले.

त्या काळी जव्हार आणि मोखाडा एकाच डोंगररांगेत असून दोन वेगळ्या सरकारांखाली होते. जव्हार म्हणजे मुकणे या कोळी राजघराण्याचे संस्थान, जेमतेम ३१० चौरस मैलांचे; १९०१च्या खानेसुमारीत तिथे ४७,५३८ माणसे भरली. मोखाडा मात्र इंग्रजांकडे, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेटा. राजा कोणताही असो, डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकवणारी माणसे तीच होती: वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. त्यांच्या पोरांना ना लंडनचे शिलिंग माहीत, ना पुण्याची मुलकी परीक्षा.

१८८२मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन आले आणि १९ ऑक्टोबरला जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे आपले निवेदन ठेवले. हे निवेदन आपण बहुतेक ‘सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागणारा दस्तऐवज’ एवढ्यापुरतेच आठवतो. त्यातला शिक्षकांविषयीचा भाग वाचला की मास्तरला निकालावर तोलावे की नाही, या आजच्या वादातले दोन्ही पक्ष अस्वस्थ होतील. कारण जोतीरावांनी चक्क निकालावर बक्षिसी मागितली आहे. खेड्यातला जो मास्तर जास्त पोरे पास करील त्याला पगाराखेरीज खास भत्ता द्या, असे ते म्हणतात. तपासणीबद्दल तर दिपोट्यांना घाम फुटावा असे लिहितात: वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही, निदान दर तीन महिन्यांनी या, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता या. शाळेचे सोंग त्यांनी पुरते ओळखले होते.

पण ही मागणी एकटी नव्हती. मास्तरांचा पगार तेव्हा दहा रुपयांच्या वर क्वचितच जाई; तो बारापेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा-वीस हवा. मास्तर प्रशिक्षित हवा. तो शेतकऱ्यांच्या जातींतून आलेला, वेळ पडली तर नांगराची रुमणी किंवा सुताराचा वाकस हातात धरू शकणारा आणि खालच्या थरात मिसळणारा हवा. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल, स्टँपविक्री अशी कामे त्याच्याकडे देऊन गावात त्याचे वजन वाढवावे. मोडी-बालबोधाबरोबर शेतीची तोंडओळख आणि आरोग्याचे नियमही शिकवावेत. बक्षिसी ही या सगळ्या इमारतीवरची कौले होती. सरकारांना आजवर कौलेच आवडत आली आहेत, कारण ती स्वस्त पडतात आणि दुरून दिसतात.

कमिशनचा अहवाल १८८३मध्ये निघाला. प्राथमिक शाळांचे अनुदान बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरावे, ही शिफारस त्यात आहेच. पण तिला एक शेपूट जोडले आहे: मागास जिल्ह्यांतल्या किंवा वेगळ्या परिस्थितीतल्या शाळांना वेगळे नियम लावता येतील. आदिवासींसाठी तर कमिशनने स्वतंत्र कलमेच लिहिली. त्यांच्या मुलांना फी माफ करावी. नेहमीच्या शाळेत अशी मुले शिकवली तर निकालाच्या हिशेबात जादा भत्ता द्यावा. त्यांच्यातले कोणी मास्तर होण्याइतके शिकले तर त्यांना त्यांच्याच मुलखातल्या शाळांवर नेमायचा प्रयत्न करावा. आणि जमातीची भाषा लिहिली जात नसेल, तर ज्या शेजाऱ्यांशी तिचा रोजचा संबंध त्यांच्या भाषेत शिकवावे.

या चारही गोष्टी आजच्या कोणत्याही परिसंवादात उठून बोलाव्यात अशा आहेत. शेवटचे कलम तेवढे जव्हारच्या दृष्टीने घातक ठरले असे मला वाटते. शेजाऱ्याची भाषा म्हणजे मराठी, आणि तीही पुस्तकातली. वारली पोर घरी जे बोलते त्याला शाळेने अशुद्ध म्हटले आणि शेरेबुकात ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ हा शेरा कायमचा येऊन बसला. मूल शिकत नाही की त्याला प्रश्नच कळला नाही, हे वेगळे करून पाहायची सोय परीक्षेत नव्हती. पुढेही फारशी झाली नाही.

१९०४मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणधोरणाचा ठराव काढून निकालावर अनुदान देण्याची रीत मोडीत काढली. कर्झनचे आभार मानायची वेळ महाराष्ट्रावर सहसा येत नाही, पण इथे मानायला हरकत नाही. पद्धत गेली तरी तिच्यामागची समजूत मात्र दफ्तरात राहिली. पाचर काढून घेतली तरी ओंडक्यात खाच राहते, तशी.

१९४८मध्ये जव्हार संस्थान विलीन झाले आणि जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्याच्या एका टोकाला एकत्र आले. त्याच जिल्ह्याच्या समुद्राकडच्या टोकाला तेव्हा वेगळाच प्रयोग चालू होता. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७मध्ये त्या दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पोरे शाळेत येईनात. कारण साधे होते: सकाळी गुरे रानात न्यायची असत, धाकटी भावंडे सांभाळायची असत. मग शाळाच कुरणात गेली. बाई गुरांच्या मागे निघाल्या, झाडाखाली बसल्या. खडे, बिया, पाने, शिंपले हीच साधने झाली. तिला नाव पडले कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका छपराखाली आणून ‘विकासवाडी’ झाली, म्हणजे धाकट्याला पाळण्यात ठेवले की थोरली वर्गात बसायला मोकळी.

कोसबाडने मास्तर तपासायची रीत सांगितली नाही. मूल आले नाही तर ते कुठे आहे हे आधी विचारले. ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५मध्ये पद्मश्री. सरकारने अंगणवाडीची कल्पना उचलली. कुरणशाळा मात्र टेकडीवरच राहिली, कारण ती चालवायला ताराबाई आणि अनुताई लागतात, आणि अशी माणसे भरतीच्या जाहिरातीने मिळत नाहीत. कोसबाडच्या भक्तांनी हेही कबूल करायला हवे की त्या प्रयोगातून घाटावरच्या हजार शाळांना वापरता येईल असे साधे मोजमाप निघाले नाही. मग ती जागा दुसऱ्यांनी भरली.

कशी, ते पाहू. २०००मध्ये शिक्षणसेवक योजना आली: तीन वर्षे मानधनावर काम, प्राथमिकला महिना ३,००० रुपये. पुढे ते ६,००० झाले आणि २०२३मध्ये १६,०००. जोतीरावांच्या बारा रुपयांचे भांडण अजून मिटलेले नाही, एवढेच यातून घ्यायचे. २०१०मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले आणि २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात मास्तरांच्या वाट्याला नोंदवह्यांचा डोंगर आला आणि ‘कविता आवडीने म्हणतो’ अशा नोंदी एकमेकांच्या वह्यांतून उतरल्या. पाचवीतल्या पोराला दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५पासून सांगत होतेच. पालक चिडले होते आणि त्यांचे चिडणे खोटे नव्हते. मास्तरांच्या संघटना परीक्षेवर बोलताना हा पालक नेहमी विसरतात.

२२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. सप्टेंबरात भाषा आणि गणिताची पायाभूत चाचणी, मग संकलित मूल्यमापन एक आणि दोन; गुण ऑनलाइन भरायचे, आणि २५ निकष पार झाले की शाळेने स्वतःला प्रगत जाहीर करायचे. शाळेच्या दारावर ‘१०० टक्के प्रगत’ अशी पाटी लागू लागली. या कार्यक्रमाला नुसते नावे ठेवणे अन्यायाचे होईल. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधले काम पाहायला राज्यभरचे शिक्षक पदरच्या पैशाने गेले, फरशीवर आकडे रंगवले, दगड-काड्यांनी दशक-एकक शिकवू लागले. कोसबाडच्या खड्यांची ही नातवंडेच म्हणायची. पण जिथे पाटी आली तिथे पाटीचा हिशेबही आला. आपली शाळा अप्रगत आहे असे कोण लिहून देईल?

नोव्हेंबर २०१६मध्ये आणखी एक फर्मान निघाले. जानेवारीपासून दर सोमवारी मास्तरांनी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून ‘सरल’ या संगणकप्रणालीवर चढवायचा, म्हणजे गळती थांबेल. ज्या पाड्यांवर फोनला रेंज मिळवण्यासाठी माळावरच्या ठरावीक दगडावर उभे राहावे लागते, तिथे हा हुकूम कसा वाचला गेला असेल याची कल्पना करावी. विरोध झाला आणि हुकूम बासनात गेला.

खरी दुसरी फेरी आली २३ ऑक्टोबर २०१७ला. शिक्षकाला बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी मिळते. त्या दिवशीच्या शासन निर्णयाने अट घातली की शाळा प्रगत असेल आणि ‘शाळासिद्धी’ या शाळांच्या मूल्यांकनात ‘अ’ श्रेणीत असेल तरच ती मिळेल; नववी-दहावीच्या शिक्षकांचा निकाल ८० टक्क्यांवर हवा. लोसाहेबांचे शिलिंग एकशे पंचावन्न वर्षांनी रुपयांत भरले गेले. शिक्षक रस्त्यावर उतरले आणि पुढे ती अट मागे घेतली गेली. आपण १८६२चे कलम पुन्हा लिहीत आहोत, याची आठवण त्या वेळी कोणाला झाली असती तर निदान हंटरचे शेपूट तरी सोबत आले असते.

ते शेपूट का हवे, हे मला मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर एका हजेरीपटाने समजावले. दोन खोल्यांची शाळा. मास्तरांनी पट उघडून पुढे सरकवला. जून ते ऑक्टोबर निळ्या शाईच्या आडव्या रांगा जवळपास भरलेल्या. आवणीच्या दिवसांत थोडी भोके. नोव्हेंबरचे पान उलटले आणि रांगांमागून रांगा लाल. प्रत्येक लाल रेघेपुढे बारीक अक्षरात एकच शब्द, ‘स्थलांतर’. ‘दिवाळी झाली की ट्रक लागतो,’ मास्तर म्हणाले. ‘शिकवलेलं जरा बसायला लागतं आणि तेवढ्यात पोर जातं.’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पावसाची तारीख सांगावी तसे सांगत होते.

ट्रक भिवंडी, वसई, कल्याण, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर जातो. मालकाकडून आगाऊ पैसे उचललेले असतात, ते जोडप्याने फेडायचे. पोर धाकट्याला सांभाळते, सुकायला मांडलेल्या विटा उलटते, भट्टीवरच्या झोपडीत, भोंग्यात झोपते. परत येणे पावसाच्या तोंडावर. म्हणजे पायाभूत चाचणी घ्यायची तेव्हा पोर नुकतेच सहा महिन्यांचे विसरून आलेले, आणि वर्षअखेरची चाचणी घ्यायची तेव्हा जागेवर नाहीच. जी घरे मागे राहतात त्यांच्या पोरी एप्रिलात टँकरच्या रांगेत उभ्या असतात. मध्य वैतरणेचे धरण याच तालुक्यात, पाणी मुंबईला. अशा वर्गाची सरासरी काढून मास्तरच्या नावापुढे लिहायची, तर तो आकडा मास्तरचा की वीटभट्टीचा?

कुरणशाळेचा धडा इथे एका संघटनेने गिरवला. विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा काढल्या, पोराच्या मागे शाळा नेली. पुढे सरकारनेही हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक अशी व्यवस्था केली. गाव सोडणाऱ्या पोराने पत्रक घेऊन जायचे आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. पोराच्या हातातले ते पत्रक भट्टीजवळच्या शाळेपर्यंत पोहोचते की भोंग्याच्या कुडात खोचलेले राहते, हे मात्र कोणत्याही निकषात नाही.

हंटरच्या तिसऱ्या कलमाचे, म्हणजे आपल्याच माणसांतून मास्तर नेमण्याचे, काय झाले? १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी ९ जूनला राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांसह काही पदे स्थानिक आदिवासींतून भरायचे ठरले होते. जव्हार आणि मोखाडा दोन्ही पूर्ण अनुसूचित क्षेत्र, दहांतली नऊ माणसे आदिवासी. एकशे एकतीस वर्षांनी का होईना, शिफारस कायद्यात आली. मग ती कोर्टात गेली आणि भरती अडकली. ऑक्टोबर २०२४मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी मारते झाले, त्यांच्या मागण्यांत ही अडकलेली भरतीही होती. मधल्या काळात रिकाम्या वर्गांवर निवृत्त शिक्षक २०,००० रुपये मानधनावर नेमायचा निर्णय जुलै २०२३मध्ये झाला होता. गावात मिसळणारा, पोराचे बोलणे कळणारा तरुण उमेदवार जाळीवर, आणि वर्गात साठीचे गुरुजी.

आता तिसरी फेरी सुरू झाली आहे. या वेळी परीक्षेला मूल बसत नाही, मास्तर बसतो. शिक्षक पात्रता परीक्षा राज्यात २०१३पासून होते. तिच्या चारित्र्याबद्दल फार बोलायला नको; २०१९-२०च्या परीक्षेत गैरमार्गाने पास झालेले पावणेआठ हजारांहून अधिक उमेदवार ऑगस्ट २०२२मध्ये बाद करावे लागले. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टच्या खटल्यात निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावी, नाहीतर घरी जावे. वीस-पंचवीस वर्षे एका पाड्यावर काढलेला मास्तर त्यात येतो, आणि वीस वर्षे तालुक्याच्या गावी राहून उशिरा येणारा मास्तरही येतो. पेपर दोघांना एकच. पहिला कदाचित नापास होईल, दुसरा कदाचित पास.

ही परीक्षा २३ नोव्हेंबर २०२५ला, रविवारी झाली. दिवाळी होऊन महिना उलटला होता. घाटातून खाली जाणाऱ्या गाड्यांत त्या आठवड्यात प्रवेशपत्र खिशात घातलेले गुरुजी होते, आणि त्यांच्याच वर्गातली पोरे केव्हाच भट्टीवर पोहोचली होती. सोमवारी शाळा उघडल्यावर हजेरी झाली. लाल शाई पुन्हा काढली गेली.